मनकर्णेचं वैराग्य

घरातल्या बाईचा आवाज चढेनासा झाला, की आपण म्हणतो घर सुखी झालं. मंडळी, देवीदासही असंच म्हणत होता.

तिवशाजवळच्या गावात त्याचा दीड एकर फुलांचा मळा. झेंडू, शेवंती आणि बांधाला थोडा निशिगंध. पहाटे फुलं तोडायची आणि टोपल्या भरून अमरावतीला धाडायच्या. बायको मनकर्णा म्हणजे त्या मळ्याचा भोंगाच! मजूर बायांबरोबरचं तिचं हसणं नाल्यापलीकडे ऐकू जायचं, आणि भांडण त्याच्याही पुढं. भाजीत मीठ कमी पडलं तर भरल्या ताटावरून उठणारी बाई!

पण चैत्र सरता सरता ती विझली. भांडण थांबलं. हसणंही थांबलं, पण तिकडे कुणाचं ध्यान गेलं नाही. वाढलं ते खायची, हाती लागलं ते नेसायची. सहा वर्षांची लेक पौर्णिमा शाळेतून बक्षीस घेऊन धावत आली, तर मनकर्णेनं भिंतीकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं.

सासू पार्बताबाई शेजारणीला सांगू लागली, "आमच्या सुनेले आता कायचीच आस नाही राह्यली व माय. संतपन आलं तिले."

देवीदास कीर्तनाचा वेडा. हाती टाळ आला की तहानभूक विसरणारा. वैराग्याचा महिमा त्यानं इतक्या कीर्तनांतून ऐकला होता, की ते आपल्याच दारी चालून आलं हे त्याला चटकन पटलं. श्रावणात गावात सप्ताह बसला, तेव्हा भजनी मंडळानं ठरवलं की काल्याच्या, म्हणजे शेवटच्या दिवशी मनकर्णेला शाल-श्रीफळ द्यायचं. त्यानंतर अकोल्याकडच्या एका मठात तिनं कायमचं सेवेला जायचं. देवीदासनं शब्द दिला. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "पाठवा." बस, एवढंच. ना हौस, ना नकार.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी तो मळ्यात आला आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

मळ्यातल्या विहिरीला कठडा नव्हता. पावसानं ती काठोकाठ भरलेली. पौर्णिमा काठावर पालथी पडून, हात लांबवून, पाण्यावर तरंगणारं फूल धरू पाहत होती. निम्मं अंग काठावर, निम्मं हवेत! आणि दहा पावलांवर मनकर्णा बसलेली. आपल्याच सत्काराचा हार ओवत. तिची नजर लेकीवरच होती. सुई चालू होती.

देवीदासनं झेप घेतली, पोरीला पायाला धरून मागं ओढलं. मग तो मनकर्णेवर ओरडला.

"दिसत नाही का तुले? पोट्टी चालली होती ना पान्यात!"

"दिसली," मनकर्णा म्हणाली.

"मंग हाक काहून नाही मारली?"

ती सावकाश म्हणाली, "निघालीच नाही. मले भेवच नाही वाटलं हो."

रागानं बोलली असती, रडली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिचा तो सपाट आवाज ऐकून भरदुपारी त्याच्या अंगावर काटा आला. आपल्या बायकोच्या देहात बसून हे कोण बोलतं आहे? त्यानं पौर्णिमेला कडेवर घेतलं आणि घरापर्यंत मागं वळून पाहिलं नाही. मागं पाहायचीच त्याला भीती वाटत होती. आणि ही गोष्ट कुणाला सांगायची? उद्या गाव जिच्या गळ्यात हार घालणार, तिच्याबद्दल?

त्या संध्याकाळी कीर्तनकार महाराजांची पंगत नेमकी देवीदासच्याच घरी होती. खुशालराव महाराज अकोल्याचे. वय सत्तरीचं, आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून खणखणीत. मनकर्णेनं पान वाढलं. महाराजांनी वांग्याच्या भाजीचा घास घेतला आणि ते थांबले.

"मीठ नाही हो हिच्यात."

पार्बताबाई कौतुकानं पुढं सरसावली. "चार महिने झाले महाराज, सून मिठाले हातच नाही लावत. जीभ जिंकली तिनं!"

"अन् तुमी?"

"आमी वरून घेतो ना."

"म्हनजे वैराग्य तिचं अन् मिठाचा डबा तुमचा!" महाराज हसले. पण वाढणाऱ्या हाताकडे त्यांची नजर गेली आणि हसू मावळलं. मनगटावर भाजल्याचा फोड होता. फुटलेला, चिघळलेला. त्यावर साधं खोबरेल तेलही लावलेलं नव्हतं.

"मनकर्णामाय, हे कधी भाजलं?"

"नाही ध्यानात."

"नाम घेतलं की गोड लागते का?"

"नाही."

"लेकरू मांडीवर बसलं की?"

"नाही." तिचे ओठ पहिल्यांदा थरथरले. "महाराज, उद्या मले हार नका घालू. मले देव नाही भेटला. माह्या आतलं कोनीतरी मेलं. सगळं भुशासारखं लागते, खानंबी अन् मानसंबी."

पार्बताबाईनं तोंडावर पदर धरला. महाराजांनी आवाज खाली आणला आणि सरळ विचारलं, "मराचं येते का मनात, माय?"

"मरावं असं नाही... आपन नसलेलंच बरं, असं येते. रोज येते."

देवीदासच्या हातातला तांब्या खाली पडला. दुपारपासून गिळून ठेवलेलं सारं त्यानं रडत रडत सांगून टाकलं. विहीर, पोर, न निघालेली हाक.

महाराजांनी ताट बाजूला सारलं. "देवीदास, मी चाळीस साल वैराग्य सांगून राह्यलो. आयकून घे. विरक्त मानसाची माया आटत नाही, वाढते. परक्याचं लेकरू पडलं तरी थो धावते. हिले पोटच्या पोरीसाठी हाक नाही निघत! हे वैराग्य नव्हे बापा, हा रोग हाये. मनाचा रोग. अन् याले दवा हाये."

"पन महाराज, मनाच्या दवाखान्यात नेलं तं लोकं पागल म्हनतीन. शब्द देल्ला मी मंडळाले..."

"तू फुलंवाला ना बे? झेंडू करपला, त्याचं फुलनं बंद झालं, तं तू काय करतं? फवारनी करतं, का झाडाले वैराग्य आलं म्हनून त्याच्याच गळ्यात हार घालतं?"

देवीदासची मान खाली गेली. अरे, झाडाचं एक पान पिवळं पडलं तर आपण तालुक्याला धावतो, आणि घरातलं माणूस चार महिने वाळत होतं!

"रामनाम सोडा असं मी नाही म्हनत," महाराज म्हणाले. "नाम घेत घेत यष्टीत बसा. आज तिले एकटी ठेवू नका. विहिरीकडं तं नाहीच नाही. अन् माय, तुह्या हातून काही पाप नाही झालं. गोडी गेली म्हनजे देव गेला असं नसते."

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला गाव लोटलं, तेव्हा मनकर्णा अमरावतीच्या यष्टीत खिडकीशी बसली होती. देवीदासनं तिचा हात धरून ठेवला होता, सुटला तर ती कुठंतरी जाईल अशा भीतीनं. इकडे मंडपात शाल तशीच घडी घालून पडली होती. मनकर्णेनं आधीच सांगून ठेवलं होतं, "विचारलं तं सांगा महाराज, लपवू नका." महाराजांनी सांगितलं, "बाई दवाखान्यात गेली. ज्याच्या घरी कोनी असंच शांत झालं असंन, त्यानं उद्याची यष्टी पकडावी." मागच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला. त्या कुणासाठी रडल्या, ते त्यांनाच ठाऊक.

अमरावतीच्या मनाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं. गोळ्या दिल्या, दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावलं. म्हणाल्या, "गोडी वाटल्यावर काम करू, असं थांबू नका. आधी हात चालवा, गोडी मागून येईल. वेळ लागेल. बरं वाटलं तरी गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत."

वेळ लागला. देवीदासनं विहिरीला जाळी बसवली. मनकर्णा रोज सकाळी मोजून दहा फुलं तोडायची, लेकीची एक वेणी घालायची. आनंद नव्हता, पण वेणी पडायची. महिना गेला, काहीच नाही. देवीदास पहाटे दचकून उठायचा आणि अंथरुणात तिचा श्वास चाचपायचा. भादव्यात एका जेवणात मात्र तिनं घास तोंडातून परत काढला.

"आत्याबाई, हे काय रांधलं व? मीठ कुठी गेलं?"

पार्बताबाई उठली ती थेट देवघरात. सून खेकसली म्हणून देवापुढं साखर ठेवणारी सासू तुम्ही पाहिली नसेल!

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सारा मळा झेंडूनं पिवळा झालेला असताना, पौर्णिमा फुलपाखरामागं धावत विहिरीपाशी गेली. जाळी होती. तरीही—

"पौर्णिमे! मागं सर!!"

वाफ्यातल्या मजूर बाया दचकून उभ्या राहिल्या. नाल्यापलीकडच्या बैलानं कान टवकारले. देवीदास धावत आला तो मनकर्णा मातीत बसलेली, लेकीला छातीशी आवळून, थरथर कापत, हुंदके देत. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंड मात्र हसत होतं.

"मले भेव वाटलं!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "आयकता का, मले भेव वाटलं हो!"

"मोठ्यानं वरडली माय तू," पौर्णिमा कुरकुरली. "माहे कान दुखले."

देवीदासनं तिथंच, चिखलात, हात जोडले.

अजूनही काही सकाळी मनकर्णेला जग भुशासारखं लागतं. गोळ्या चालू आहेत. पण आता ती तसं बोलून दाखवते आणि घर ऐकतं. मंडळी, आपल्या घरात कुणी अचानक शांत झालं, कशाचंच मागणं उरलं नाही, तर नमस्कार करायची घाई करू नका. जवळ बसा, विचारा, आणि दवाखान्याची वाट धरा. ईश्वरानं माणसाला हसू दिलं, तशी भीतीही दिली आणि भांडणही दिलं. हे सारं ज्याचं जिवंत आहे, त्याच्याच कंठातून नाम गोड निघतं.