पाच कोऱ्या नळ्या

"आज सांगूनच टाकतो तिला," ड्रायव्हर म्हणाला आणि दुकानातल्या बाकड्यावर बसला. "बास झालं आता."

मिस्त्रीने समोरच्या शिलाई मशीनचं चाक हाताने फिरवून पाहिलं. पलटणीत तो बंदुका दुरुस्त करायचा, आता मशीन दुरुस्त करतो. हात तेवढेच तेलकट, तोंड तेवढंच बंद. त्याची बायको म्हणायची, याच्याशी भांडायचं तर दोन्ही बाजूंनी आपणच बोलायचं.

"काय सांगणार?"

"तिचा मुलगा माझ्यामुळे गेला म्हणून."

त्या चकमकीला बावीस वर्षं झाली होती. दगडी भिंतीआड तेव्हा शिपाई असलेला ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार शेजारीशेजारी पालथे पडले होते. आजूबाजूच्या गोळीबारात कोण झाडतंय ते कळत नव्हतं. समोर शत्रूचा एक शिपाई वाकून बुटाची नाडी बांधत होता. ड्रायव्हरने नेम धरला, पण बोट काही केल्या हलेना. नाडी बांधून तो शिपाई उठला, त्याने बंदूक रोखली आणि जोडीदाराच्या गळ्यात गोळी बसली. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला ड्रायव्हर जोडीदाराच्या आईकडे जेवायला जायचा. तिच्या भिंतीवर मुलाचं मानपत्र होतं, 'अखेरच्या श्वासापर्यंत लढला' असं लिहिलेलं. त्याच्याखाली बसून घास घशाखाली उतरायचा नाही.

"तो लढत होता मिस्त्री, आणि मी शेजारी भेकडासारखा पडून होतो."

मिस्त्रीचा हात थांबला. जी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती, ती आता ओठावर आली. हा भला माणूस म्हातारीसमोर स्वतःला खुनी ठरवायला निघाला होता, आणि गप्प बसणं मिस्त्रीला जमेना.

"त्याची नळी कोरी होती," तो म्हणाला.

"काय?"

"त्यानेही एक गोळी झाडली नव्हती. त्या दिवशी तुमच्या तुकडीच्या आठ बंदुका माझ्याकडे आल्या. झाडलेल्या बंदुकीच्या नळीत काजळी असते, दारूचा वास असतो. पाच नळ्यांत मी लावलेलं तेल जसंच्या तसं होतं. तुझी, त्याची, आणखी तिघांची. तो मिशीवाला, जिथे तिथे लढाई सांगत फिरतो ना? त्याचीसुद्धा."

ड्रायव्हर ताडकन उठला. "मेलेल्या माणसाबद्दल असलं बोलू नकोस. तपासणीत सगळ्यांच्या बंदुका झाडलेल्या निघाल्या होत्या. माझी कशी निघाली, तेवढं मात्र कधी कळलं नाही."

"साहेब यायच्या आत पाचही बंदुका मीच वाळूच्या पोत्यात झाडल्या. माझं कामच ते, आवाज ऐकून कोण विचारतं? तुम्हाला भेकड म्हणाले असते. पळालं तर कुणीच नव्हतं."

ड्रायव्हर परत बसला. "मग आता काय सांगू तिला? भिंतीवरचं मानपत्र उतरव म्हणू?"

मिस्त्रीने हात पुसले आणि दुकान बंद केलं. "चल, मीही येतो." म्हातारी दोन गल्ल्या पलीकडेच राहायची. तिचं मशीन त्याने दोनदा दुरुस्त करून दिलं होतं, तेही मान वर न करता.

म्हातारीने दोघांना ताटं वाढली. पलटणीत हा बंदुकांचं काम करायचा, असं ड्रायव्हरने सांगितलं तशी ती वाढता वाढता थांबली.

"मग तुला ठाऊक असेल," ती मिस्त्रीला म्हणाली. "माझ्या मुलाच्या हातून कुणी मेलं का रे?"

ड्रायव्हरने मिस्त्रीकडे पाहिलं.

"कुणाला विचारायची सोयच नाही. जो येतो तो त्याचं कौतुक करतो. मला आपलं रोज वाटतं, तिकडेही कुणाची तरी आई अशीच बसली असेल."

"कुणी नाही मेलं, आई," मिस्त्री म्हणाला. "बंदूक मी स्वतः पाहिली. त्याने ती झाडलीच नव्हती."

"नक्की?"

"नक्की."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मिस्त्रीला तिच्याकडे बघवेना. तिच्या मुलाची अब्रू राखायला म्हणून त्याने बावीस वर्षं हे पोटात ठेवलं, आणि ही दोन गल्ल्या पलीकडे तेवढंच ऐकायला झुरत होती.

"आई, मीही नाही झाडली," ड्रायव्हर म्हणाला. "समोरचा माणूस माझ्या नेमात होता. झाडली असती तर कदाचित तुमचा..."

म्हातारीचा चेहरा कठीण झाला. मग तिने त्याचं ताट पुढे सरकवलं.

"जेव," ती म्हणाली. "दरवर्षी ताटात टाकून उठतोस. आज टाकायचं नाही."

ड्रायव्हरने मान खाली घालून घास घेतला. तो गिळेपर्यंत ती बघत राहिली.