कडीखालची शिट्टी

जर्मनीची लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात जालन्याच्या लोकांना लढाईपेक्षा आमच्या ह्यांच्या शिट्टीची काळजी जास्त होती.

हे म्हणजे बद्रीनाथ मास्तर, सरकारी हायस्कुलाचे ड्रिलमास्तर. हैदराबादला ट्रेनिंगला गेल्ते, तिथून बास्केटबॉल घेऊन आले; चेंडूही आणि कायदेही. चेंडू सगळ्यांनी घेतला, कायदे मात्र ह्यांच्याचकडे राहिले. त्यामुळं सामना कुणाचाही असो, पंच हेच. आपल्या स्वतःच्या शाळेचा असला तरी हेच. संशयाला बसायला एवढी ओसरी पुरे होती.

त्या खेळात एक कायदा आहे. कडीखाली, म्हणजे चेंडू ज्या लोखंडी कड्यातून टाकायचा त्याच्याखाली, बचाव करणारा पोरगा आधीपासून पाय रोवून उभा असेल आणि चेंडू घेऊन येणारा त्याच्या छातीवर जाऊन आदळला, तर चूक आदळणाऱ्याची. उलट बचाववाला ऐन वेळी आडवा घुसला, तर चूक त्याची. ऐकायला सरळ आहे. पण आमच्याकडे सामना बघायला येणारी निम्मी माणसं तालमीच्या मातीतून उठून आलेली. त्यांना लहानपणापासून एकच न्याय माहीत: पाठ टेकली तो हरला. आणि इथं बघावं तर उताणा पडतो तो खरा, आणि उभा राहतो त्याच्यावर शिट्टी!

पडायचा अजमत. आमच्या शाळेचा पोरगा, महेबूब पिंजाऱ्याचा मुलगा, उंच आणि हलका. आदळायचा बहुतेक मच्छिंद्र, गावातल्या दुसऱ्या शाळेचा. आणि मच्छिंद्रचा बाप कोण, तर पुंजाराम पहिलवान. बाजारात उभा राहून तो म्हणायचा, "माझ्या पोरानं चीत केलं, आन मास्तर माझ्याच पोराला गुन्हेगार करून राह्यला. काही तरी खाल्ल्याबिगर असा न्याय व्हतो का?"

काय खाल्लं, त्याचा शोध त्याच्या बायकोनं लावला. साळूबाई विरजण मागायला आली आणि फळीवर चिनी मातीचा वाडगा दिसला.

"हा गं कोणाचा, दुर्गाबाई?"

"बदरुन्निसाचा. ईदेला शेवया-खारका आल्त्या, कोऱ्या, न शिजवलेल्या. दरसाल येत्यात."

"अजमतच्या मायचा म्हण की." एवढंच बोलून ती विरजण घेऊन गेली. विरजण तिच्या घरी लागायच्या आत गोष्ट गावाला लागली.

खरं म्हणजे वाडगा केव्हाच परत जायचा. पण शेजारणीचं भांडं रिकामं कसं पाठवायचं? काहीतरी गोड करू, मग देऊ, असं म्हणत तो फळीवर राहिला. आता भरून पाठवला तर दुसरा पुरावा, रिकामा पाठवला तर मोडलेली रीत.

ह्याच दोन शाळांमधल्या ढालीच्या फायनलच्या आधी आमच्या हेडमास्तरसाहेबांनी ह्यांना खोलीत बोलावलं. हे घरी आले ते टोपी न काढताच बसले.

"काय म्हणाले साहेब?"

"'मास्टरसाब, शिकायत आई है. फायनल में एक और शिकायत, तो सीटी मेरे टेबल पर और आप धावडे.'"

धावडा म्हणजे पार भोकरदनच्या पलीकडं. प्राथमिक शाळा, ना कडी, ना चेंडू. मला बदलीचं एवढं नव्हतं. चुली सगळीकडं सारख्याच धुरकट. पण चोर ठरून गेलेल्या मास्तराला कोणत्या गावची पोरं मान देतील? आणि शिट्टी गेली तर हा माणूस गळ्यात काय घालून फिरणार, हे मला समजेना. झोपताना खुंटीला टांगायचे ते, देवासारखी.

मी त्यांना विचारलं नाही. पण पोळपाटावर हात चालताना मन चालायचंच. अजमत पडला की ह्यांच्या तोंडावर एक समाधान यायचं, ते मी परसातल्या भिंतीवरून पाहिलेलं. आमची भिंत मैदानाला लागूनच. ते समाधान न्यायाचं की दुसरं कशाचं?

शेवटी शेंगदाण्याचे लाडू वळले, वाडगा भरला, पदराखाली धरला आणि चोरासारखी बदरुन्निसाकडं गेले. मागच्या अंगणात पिंजलेल्या कापसाचा ढीग होता. त्याच्यापुढं अजमत एकटा उभा. हात छातीवर घेतले, "हां!" असं ओरडला आणि उताणा कापसात पडला. उठला. परत "हां!" आणि परत उताणा. त्याला शिवायला माशीसुद्धा नव्हती.

"हे काय करून राह्यला गं पोरगा?"

"क्या की, बाई." बदरुन्निसानं कपाळाला हात लावला. "म्हणतो खेळाची प्रॅक्टिस. सगळा कापूस दाबून टाकला. बाप आला की बराबर मार खाईल." मग वाडग्याकडं बघून म्हणाली, "इतके कशाला आणले? लोक काय काय बोलून राह्यले, ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं. लाडू खा."

घरी येऊन ह्यांना वाढलं. पहिला घास पोटात जाऊ दिला आणि सांगितलं.

"अजमत पडायचा सराव करतोय. कोणी न ढकलता."

हात ताटातच थांबला. "तुलाही वाटतं मी सामील हाय?"

"तसं न्हाई म्हणत. एक पुसते. तो पडतो तेव्हा तुम्ही काय बघता?"

भाकरी गार झाली. मग हात धुवून उठले ते गोजरबाईच्या घराकडं गेले. आमचं मैदान म्हणजे खळंच. मुरूम धुम्मस करून वर शेणमातीचं सारवण, ते गोजरबाई करायची. हे तिला सांगून आले की फायनलच्या दिवशी दुपारी कडीखाली पुन्हा एक हात फिरव.

"ओल्यावर पोरं घसरत्याल, मास्तर!" ती आपल्या दारातूनच ओरडली.

"घसरू दे."

फायनलला सगळी तालीम लोटली. हेडमास्तरसाहेब खुर्चीत, शेजारी पुंजाराम फेटा बांधून उभा. त्याला मुद्दाम तिथं उभं केलं होतं, म्हणजे तक्रार करायला लांब जायला नको. आमच्या परसात मी पालथ्या घमेल्यावर उभी, आणि बदरुन्निसा बुरख्यात, भिंतीच्या फटीला डोळा लावून.

सामना संपत आला आणि दोन्हीकडं गुण सारखे झाले. मच्छिंद्र चेंडू आपटत सुटला, थेट कडीखाली. "हां!" अजमत उताणा. चेंडू कडीतून खाली आला आणि मग शिट्टी वाजली.

"खाल्लं! खाल्लं!" तालीम ओरडली.

पण हे फाऊलचा हात वर करेनात. चालत कडीखाली गेले, गुडघ्यावर बसले आणि जमिनीकडं बघत राहिले. ओल्या सारवणात अजमतच्या टाचा मागं घसरलेल्या होत्या, आणि मच्छिंद्रचं पाऊल त्यांच्यापासून चांगलं हातभर बाजूनं गेलेलं.

"धक्का न्हाई," हे म्हणाले. "गोल बराबर. आन दोन्ही शाळांनी ऐका, हितून पुढं मी पाय बघणार."

तालमीनं फेटे उडवले. पुंजाराम साहेबांना सांगत होता, "आत्ता मास्तरला कायदा कळला बघा. पाठ टेकली की संपलं!"

आनंद फार टिकला नाही. मच्छिंद्र परत सुटला, आता तर अंगात वारं. ह्या वेळी अजमत आधीच जाऊन उभा होता, पाय फाकवून, ओरडणं नाही, काही नाही. मच्छिंद्र त्याच्या छातीवर असा आदळला की आवाज भिंतीपर्यंत आला. अजमत हलला, वाकला, पण पडला नाही. चेंडू कडीत गेला.

"अल्ला," बदरुन्निसा पुटपुटली.

शिट्टी वाजली. "फाऊल मच्छिंद्रचा. गोल रद्द."

आता कोणाला काय ओरडावं तेच कळेना. कोणीच पडलं नव्हतं! पुंजाराम मात्र धोतर खोचून सरळ मैदानात शिरला. माझ्या पायाखालचं घमेलं डुगडुगलं. हे मागं सरकले नाहीत. नुसतं बोटानं जमीन दाखवली.

पुंजारामनं रागानंच खाली बघितलं. मग जरा वाकला. मग बसला. अजमतच्या दोन्ही पावलांचे ठसे तिथं खोल उमटलेले, पहिलवान पवित्र्यात उभा राहतो तसे, आणि मच्छिंद्रची पावलं पळत येऊन त्यांनाच भिडलेली. त्यानं ठशावर पंजा ठेवून बघितला.

"पाय रोवलेले व्हते," तो म्हणाला. मग पोराला म्हणाला, "उभ्या माणसाच्या अंगावर जातो का रे, बैला?"

"क्यों पहिलवान, शिकायत?" साहेबांनी खुर्चीतून विचारलं.

पुंजाराम हात झटकत उठला. "शिट्टी ऱ्हाऊ द्या मास्तरकडं, साहेब." दोन पावलं गेला आणि थांबला. "पण मास्तर, त्या शेवयाचं काय?"

"खाल्ल्या," हे म्हणाले. "गोड व्हत्या."

सामना त्या पहिल्या एका गोलानं आमची शाळाच हरली. साहेब उठताना ह्यांना म्हणाले, "सीटी आपके पास, ढाल उनके पास. मुबारक." त्यांनी कोणत्या सुरात म्हटलं, ते मला भिंतीवरून कळलं नाही. ह्यांना जवळून तरी कळलं की नाही, कोण जाणे.

रात्री शिट्टी खुंटीवर होती. गावात मात्र नवी गोष्ट निघाली होती: मास्तरांनी आपल्याच शाळेला हरवलं, तर मग पुंजारामनं काय खाऊ घातलं?

सकाळी दार वाजलं. साळूबाई, पदराखाली पितळी डबा. "म्हैस व्यालीय. खरवस हाय. घे, आन डबा सवडीनं दे."

आतून ह्यांचा आवाज आला, "घेऊ नको! परत दे!"

मी गल्लीत दोन्हीकडं बघून घेतलं, आणि मग डबा आत घेतला.