काढून टाकलेलं वाक्य

भूमिका भिवापूरहून आमच्या नागपूरच्या कॉलेजात आली, तोवर मराठीच्या वर्गात मला वरचढ कोणी नव्हतं. स्नेहसंमेलनात निबंध वाचायचा तो श्वेतानं, म्हणजे मी, हे ठरलेलंच.

यंदा कुसुम मॅडमनी नवीनच खूळ काढलं. जोड्या पाडल्या. जोडीदाराचा निबंध वाचायचा, काय आवडलं, काय बदलावं ते खाली लिहायचं, मग ज्याचं त्यानं सुधारून पुन्हा द्यायचं. त्यातला सगळ्यात चांगला संमेलनात वाचायचा, बक्षीसही त्यालाच. माझ्या वाट्याला नेमकी भूमिका आली.

तिनं आईवर लिहिलं होतं. आई दिवसभर मिरचीचे देठ खुडते. बोटांची आग होते, म्हणून संध्याकाळी तान्ह्या भावाला मनगटानं थोपटते. ते वाचलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. असलं वाक्य मला का सुचत नाही? मी खाली ठसठशीत लिहिलं, ‘मनगटाचं वाक्य काढून टाक. उगाच रडकं वाटतं.’

माझा निबंध सूर्योदयावर होता. सोनेरी किरणं, केशरी आभाळ, सगळं झकास. आम्ही राहतो वाडीला, ट्रकांच्या गोदामांमागं, ते कशाला सांगायचं? शेवटी फक्त एक ओळ घरची घातली होती. भूमिकानं नेमकी तीच धरली. ‘बाबांच्या ट्रकचा हॉर्न ऐकला की आई तवा ठेवते, हे शेवटी काहून टाकलं वं? इथूनच सुरू कर ना.’

ही कोण मला शिकवणारी? पण रात्रभर दुसरी सुरुवात सुचली नाही. पहाटे तव्याची ओळच उचलून वर घेतली.

सकाळी ती हसतच आली. “काढून टाकलं वं ते वाक्य. तुले माह्यापेक्षा जास्त समजते.”

‘राहू दे’ म्हणायला तेव्हाही वेळ होता. मी नुसती मान हलवली.

मॅडम तिला म्हणाल्या, “नीटनेटका आहे गं, पण जीव कुठं गेला यातला?” निवडला माझा.

संमेलनात मी तव्याची ओळ वाचली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. केशरी आभाळाला कोणी दाद दिली नाही. सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती भूमिकानं, अगदी मनापासून. तिच्या जागी मी असते तर हात मांडीवरून हलले नसते. तिचं ते टाळ्या वाजवणं मला स्टेजवरून दिसत होतं, आणि बक्षीस हातात घेऊनही मी तिच्यावर जळत होते.