आधी सांग, मग मांड

नानासाहेब गुरुजींच्या पाढ्यांचा आवाज बीड बायपासपर्यंत ऐकू जातो, असं शाळेच्या आसपासचे लोक म्हणायचे. त्यात थोडी अतिशयोक्ती असली तरी खोटं फारसं नव्हतं. गुरुजींच्या हाताखालून गेलेलं पोर झोपेतून उठवलं तरी एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवी. पाचोडकडच्या बागायतदार घरातले गुरुजी आता उस्मानपुऱ्यात राहायचे आणि रोज स्कूटरवर बायपासच्या पलीकडच्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत यायचे. मुख्याध्यापक झाले तरी पाचवीचं गणित त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं.

शाळेभोवती दरवर्षी ज्वारीचं एखादं रान कमी व्हायचं आणि एखादी इमारत उभी राहायची. त्या साली तर पाऊस असा रुसला की दिवाळी होते न होते तोच गावंच्या गावं शहराकडं लोटली. इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याची खोपटी उभी राहिली, आणि त्या खोपटांतली पोरं शाळेत आली. वर्ग कमी पडायला लागले, तेव्हा गुरुजींनी मोठ्या खोलीच्या मधोमध दोन कपाटं आडवी लावली. अलीकडं त्यांची पाचवी, पलीकडं सुकेशनी मॅडमची चौथी.

सुकेशनी मॅडम नव्यानंच बदलून आलेल्या. माहेर फर्दापूरकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. बोलायला हळू. गुरुजींना वाटलं, पोरगी गरीब आहे, एवढा मोठा वर्ग हिला आवरायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात कपाटापलीकडून मॅडमचा आवाज आला. त्या पुस्तकातलं उदाहरण वाचत होत्या. "शाळेने सहलीसाठी तीन बस ठरवल्या. प्रत्येक बसमध्ये बेचाळीस विद्यार्थी बसले. त्यांपैकी एकूण अठ्ठावन्न मुली होत्या. तर मुलगे किती?"

"मॅडम, अधिक का उणे?" कचरू नावाचं पोरगं ओरडलं आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच म्हणालं, "अधिक! एकशे तीन!"

तीन, बेचाळीस आणि अठ्ठावन्न. दिसले तेवढे आकडे पोरानं एका पोत्यात भरले होते. गुरुजी गालात हसले. त्यांना वाटलं, आता मॅडम रीत सांगतील. रीत सोपी होती आणि गुरुजींनी ती वर्षानुवर्षं घोटून घेतली होती: 'एकूण' आलं की बेरीज, 'उरले' आलं की वजाबाकी, 'प्रत्येकी' आलं की गुणाकार.

पण पलीकडं डस्टर फिरल्याचा आवाज आला. मॅडमनी फळ्यावरचे सगळे आकडे पुसले होते.

"आता आकडे नाहीत. आता सांगा बरं, काय झालं?"

बिनआकड्यांचं गणित! गुरुजींना ते बिनमिठाच्या पिठल्यासारखं वाटलं. पण कान मात्र तिकडंच राहिला.

मग एक बारीक आवाज आला. "मॅडम, त्यांपैकी म्हंजी? पैकं का?"

ती कडूबाई होती. तिचे वडील कडुबा मेंढरं मेव्हण्याच्या हवाली करून इथं सेंट्रिंगच्या कामाला आले होते. पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत.

"लई चांगलं इचारलंस. कडूबाई, तुमच्या कळपात काळी मेंढरं असतात का?"

"व्हय. असत्यात की."

"मग कळपापैकी काळी, म्हणजे कोणची?"

"कळपातलीच. भाईरून आलेली नाय."

"हां. मग इथं त्यांपैकी मुली, म्हणजे कोणच्या?"

"बशीत बसल्याल्या पोरांतल्याच." कडूबाई थांबली. मग एकदम म्हणाली, "पन मॅडम, बशीत समदी मिळून किती पोरं बसली, हे कुठं सांगितलंय?"

"नाहीच सांगितलं," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या हळू आवाजात असा काही आनंद होता की गुरुजींच्या हातातला खडू जागीच थांबला. "प्रश्न दोन असतात. एक पुस्तक विचारतं. दुसरा मधला. तो कुणीच विचारत नाही, तो आपणच शोधायचा. सापडला?"

पूर्ण तास त्या एका उदाहरणात गेला. गुरुजींच्या पाचवीनं तेवढ्या वेळात पान संपवलं होतं.

नंतर नंतर गुरुजी कपाटाजवळची खुर्ची धरून बसू लागले. पलीकडं पोरं उदाहरणं आपल्या बोलीत सांगायची, भांडायची, उठून बस व्हायची, बाजार व्हायची. मॅडमचं एकच पालुपद, "आधी सांग, मग मांड." पाचवीतली पोरं कपाटांच्या फटीतून डोकवायची, आणि गुरुजी त्यांना रागवायचं विसरायचे.

संक्रांतीच्या सुमारास मॅडमना प्रशिक्षणाला जावं लागलं आणि दोन्ही वर्ग गुरुजींवर आले. त्यांनी मधली कपाटं सरकवली आणि फळ्यावर स्वतः रचलेलं उदाहरण लिहिलं. "टँकरमधून एकूण दोनशे हंडे पाणी आले. वस्तीत पस्तीस घरे आहेत. प्रत्येक घराने चार हंडे नेले. टँकरमध्ये किती हंडे उरले?"

पाचवीचे हात भराभर वर झाले. "दोनशे एकोणचाळीस!" पुढच्या रांगेतला शिवशंकर ठणकून म्हणाला. दोघातिघांनी माना डोलावल्या. कुणी एकशे एकसष्ट म्हणालं. 'एकूण'वाले बेरजेला गेले होते, 'उरले'वाले वजाबाकीला. रीत चोख पाळली होती सगळ्यांनी.

चौथीची पोरं मात्र पाटीला हात न लावता आपसात कुजबुजत होती. गुरुजींना राहवलं नाही. "काय रे कचरू, जमत नाही?"

"थांबा ना गुरुजी, आमी टँकरपाशी हाव अजून."

मग तोच उठला. "पाणी न्हेलंय, म्हंजी टँकरातलं कमी झालं. दोनशाच्यावर उरंल कसं? पन समद्यांनी मिळून न्हेलं किती ते ठावं नाय. ते मधलं." आणि तो अडला. "गुरुजी, पस्तीस चोक किती?"

"एकशे चाळीस!" अख्खी पाचवी एका सुरात गरजली.

"मग साठ उरले," कचरू म्हणाला आणि खाली बसला.

गुरुजी फळ्याकडं बघत उभे राहिले. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट एखाद्या पट्टीच्या गवयाची पहिली तान ऐकून अंगावर काटा यावा, तसं झालं. ज्या पोरांना महिन्यामागं 'त्यांपैकी'चा अर्थ लागत नव्हता, ती आता गणिताच्या आत शिरून बसली होती. हे त्या हळू बोलणाऱ्या बाईनं केलं होतं, तेही आवाज न चढवता.

मॅडम परत आल्या तेव्हा कपाटं भिंतीला लागलेली होती.

"आजपासून गणिताचा तास दोन्ही वर्गांचा एकच," गुरुजी म्हणाले. "शिकवायचं तुम्ही."

"आणि तुम्ही, गुरुजी?"

"मी मागं बसतो."

मॅडम गडबडल्या. "असं कसं? लोक काय म्हणतील?"

"इथल्या निम्म्या लोकांना मीच पाढे शिकवलेत. माझ्या माघारी काय म्हणायचं ते म्हणू द्या."

"मग माझीही एक अट," मॅडम म्हणाल्या. "तासाच्या सुरुवातीला पाढे तुम्ही घ्यायचे. माझ्या पोरांना मधला प्रश्न सापडतो, पण तिथंच हिशेबाला अडतात. तुमच्यासारखे पाढे मला कुणाकडून घेता यायचे नाहीत."

ठरलं. दुपारच्या सुट्टीत डबा खाताना गुरुजींनी विचारलं, "हे कुठं शिकलात तुम्ही? डी.एड.ला तर असलं काही नसतं."

"आईकडून," मॅडम म्हणाल्या. "माझी आई, पुतळाबाई. शाळेचं तोंड पाहिलं नाही तिनं. मी लहानपणी गणितात भोपळा घेऊन यायची आणि दारातच भोकाड पसरायची. आई म्हणायची, आधी काय झालं ते सांग, मग रड. सांगता सांगता माझं मलाच कळायचं की कुठं चुकलं. रडायचं राहूनच जायचं."

एकदा केंद्रप्रमुख सर्जेराव न सांगता शाळेत आले. बघतात तर मुख्याध्यापक पोरांच्या शेवटच्या रांगेत, सतरंजीवर मांडी घालून बसलेले.

"गुरुजी, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. जरा हळू बोला साहेब, मधला प्रश्न शोधायचा चाललाय."

सर्जेराव हसत उभे राहिले, मग खुर्चीवर बसले आणि तास संपेपर्यंत हलले नाहीत. जाताना मॅडमना म्हणाले, "पुढच्या शिक्षण परिषदेत तुम्ही बोलायचं." मॅडमचा चेहरा उतरला. गुरुजीच म्हणाले, "बोलायचं कशाला? पोरं घेऊन जाऊ. तास घेऊन दाखवा." आणि तसंच झालं. बत्तीस शाळांचे शिक्षक पोरांसारखे "आता काय झालं?" या प्रश्नावर डोकं खाजवत बसले.

एप्रिल सरत आला तशी खोपटी उठू लागली. माणसं पेरणीच्या आशेनं गावाकडं निघाली होती. शेवटच्या शनिवारी मॅडमनी प्रत्येकाला आपापलं उदाहरण रचायला सांगितलं होतं. कडूबाई उभी राहिली.

"आमी इकडं आलो तवा मेंढरं मामाकडं ठेवली. काही चाऱ्याबिगर मेली. काही मामानं इकली. काही व्याली. तर आमी गेल्यावर किती असत्याल?"

शिवशंकर सवयीनं म्हणाला, "आकडे सांग की."

"मला ठावं नाय. बालाबी नाय."

गुरुजींनी मॅडमकडं पाहिलं. त्यांना वाटलं, आता त्या पोरीची समजूत घालतील, विषय बदलतील. मॅडम फळ्याशी गेल्या. "मग मामाला काय काय इचारावं लागंल, ते सांग."

कडूबाई बोटांवर मोजत सांगू लागली. ठेवली किती, मेली किती, इकली किती, कोकरं किती जगली. मॅडम लिहीत गेल्या. कोणतं वजा, कोणतं अधिक, पोरांनी एकमेकांना ओरडून सांगितलं. सगळं मांडून झालं तेव्हा फळा भरला होता आणि उत्तराची जागा मोकळी होती.

"गेल्यावर मीच मोजीन," कडूबाई म्हणाली. तिच्या आवाजात काळजी होती, पण गोंधळ नव्हता.

सोमवारी तिचा बाप कडुबा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आला. गुरुजींनी सही केली, मग पेन हातातच धरून त्याला बजावलं, "पोरीला कळपामागं धाडू नको. गेल्या गेल्या शाळेत घाल. ही पुढं जाणारी पोरगी आहे."

"व्हय गुरुजी," कडुबा म्हणाला. "मलाबी शिकवती ती घरी. म्हणती, बा, आधी सांगा."

जूनमध्ये नवी पाचवी आली. गुरुजींनी पाढे घेतले, खडू मॅडमच्या हातात दिला आणि मागं जाऊन सतरंजीवर बसले.