विहाराच्या फरशीवरची पावलं

देवमन तायडे लाइनमन म्हणून निवृत्त झाले त्या वर्षी त्यांची शुगर दोनशे ऐंशी निघाली. कारंज्याच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या. रोज चाला. अनवाणी चालू नका, तळपाय बधिर झाले आहेत.

पहिली गोष्ट पुण्यात नोकरीला असलेल्या मुलीने, साक्षीने, मनावर घेतली. तिने मनगटावर बांधायचा पट्टा पाठवला आणि रोजचं लक्ष्य सहा हजार पावलांचं ठेवलं. आकडे तिच्या फोनवर दिसत. देवमन जास्त वेळ बसले की त्यांचा फोन बोले, “बराच वेळ बसलात. उठा, थोडं चाला.” दुसरी गोष्ट आकड्यात मांडता येत नव्हती. ती मागे पडली.

त्यांच्या गावच्या, कामरगावच्या रस्त्यावर जीप होत्या, कुत्री होती आणि चहाच्या टपरीवर पुंजाजी होता.

“देवमनभाऊ, आता कोन्ते खांब तपासून राह्यले? डिपार्टमेंटनं सोडलं ना तुमाले!”

चार दिवसांनी देवमन रस्ता सोडून बुद्धविहाराच्या अंगणात फेऱ्या मारू लागले. चपला फाटकाशी काढायच्या, आत शहाबादी फरशी. एका फेरीची सत्तर पावलं. त्यांनी तीनदा स्वतः मोजून पट्ट्याशी ताडून पाहिली आणि घरी येऊन बायकोला, भागिरथाला सांगितलं, “मीटर बरोबर हाय.”

बुद्ध पौर्णिमा आठवड्यावर आली. सकाळी विहारात रंगकाम, संध्याकाळी मुलांच्या गाण्यांचा सराव. अंगण रिकामं मिळे ते दुपारीच. त्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवर होता.

“काहून मराले जाता एवढ्या उन्हात?” भागिरथा म्हणाली.

“डोकं झाकलं हाय. खिशात कांदा हाय.”

“त्या पट्ट्याचं आयकता, माहं नाई.”

“थो तुह्यापेक्षा बरा. तासातून एकडावच बोलते.”

सोमवारी साडेतीन हजार पावलं बाकी होती. देवमननी ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि दीड वाजता फेऱ्या सुरू केल्या. तिसाव्या फेरीला फरशीवर पावलांचे ओले ठसे दिसले. कोपऱ्यातला माठ पाझरत असेल असं त्यांना वाटलं. ते माठाकडची बाजू टाळून चालू लागले. ठसे तिथेही उमटले. पन्नासाव्या फेरीला पट्टा थरथरला. दहा मिनिटांत पुण्याहून संदेश आला, ‘बाबा, सहा हजार! शाब्बास!’

घरी भागिरथाने पाय धुवायला घेतले आणि तळव्याची कातडी तिच्या हातात आली.

“दुखत नाई काय?”

“नाई. दुखत नाई म्हंजे जास्त नसन.”

मग त्यांनी पट्टा सोडून तिच्यापुढे धरला. “साक्षीले सांगू नोको. थे रजा टाकून पयत येईन, अन् पट्टा आपनच पाठवला म्हनून रडत बसन. हा तू बांध.”

“मी?”

“त्याले काय समजते कोनाचा हात हाय?”

अकरा दिवस पट्टा भागिरथाच्या हातात होता. पाणी, सरपण, शेत, स्वयंपाक. विहाराकडे न जाताही संध्याकाळपर्यंत नऊ हजार होत. ‘बाबा, तुम्ही तर माझ्या पुढे गेलात!’ साक्षीने लिहिलं. देवमन खाटेवर होते. मेडिकलमधून आणलेलं मलम भागिरथा सकाळ-संध्याकाळ लावत होती. पौर्णिमेला ते विहारात गेले नाहीत. डावा पाय सुकत आला. उजवा काळा पडला, वास येऊ लागला. बाराव्या दिवशी ताप चढला, तेव्हा भागिरथाने पुण्याला फोन केला.

अकोल्याच्या दवाखान्यात आधी बोटं काढली, सहा दिवसांनी गुडघ्याखाली पाय.

वॉर्डात साक्षीने फोन उघडून आईपुढे धरला. “त्या अकरा दिवसांत रोज नऊ-नऊ हजार. हे कसं?”

भागिरथाने पदराखालचा हात पुढे केला. पट्टा अजून मनगटावर होता.

“आकडे घसरले असते तर मी त्याच दिवशी फोन केला असता, आई.”

“मीटर बरोबर व्हतं बाई,” देवमन खाटेवरून म्हणाले. “लाईन दुसऱ्याची व्हती.”



दुपारी डॉक्टर डावा पाय तपासायला आले. त्यांच्या हातात नायलॉनचा बारीक ताठ धागा होता. “डोळे मिटा. पायाला काही लागल्यासारखं वाटलं की ‘हो’ म्हणा.”

देवमननी डोळे मिटले. साक्षी खाटेच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टरांनी धागा अंगठ्याला टेकवला. मग चवड्याला, तीन ठिकाणी. मग टाचेला. देवमन काही बोलले नाहीत. डॉक्टरांनी धागा खिशात ठेवला आणि कागदावर लिहायला घेतलं.

“हो,” देवमन डोळे मिटूनच म्हणाले.

थोडं थांबून त्यांनी पुन्हा म्हटलं, “हो.”