संथ भागातली घंटा

नरहरनं बोट वर केलं आणि डोळे मिटले.

"आता ऐक. इथंच येते."

व्हायोलिनचे सूर उतरत उतरत अगदी हलके झाले, पण घंटा काही वाजली नाही. ब्रुकनरच्या त्या सिंफनीचं हे नववं ध्वनिमुद्रण. व्हिएन्नाचं झालं, बर्लिनचं झालं, जपानचंही झालं.

"आजोबा, इसमें घंटी है ही नहीं," देवश्री म्हणाली. हिंदीतच वाढलेल्या या नातीनं मूळ स्वरलिपीही फोनवर शोधून काढली होती. "देखिए, पूरे पन्ने में कहीं नहीं."

"मग मी अडतीस वर्षं काय ऐकलं?"

सत्त्याऐंशी साली कारखान्यातल्या यशवंतरावांनी जर्मनीहून आणलेली तबकडी एका संध्याकाळपुरती दिली होती. तेव्हा बिऱ्हाड गुढियारी मोहल्ल्यात, दोन खोल्यांत. नरहरनं स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर मांडून ती कॅसेटवर उतरवली. घरात कोणी खोकायचंसुद्धा नाही, अशी ताकीद. पुढं संथ भागातल्या त्या तीन नाजूक टोल्यांवर त्यानं येईल त्या पाहुण्याला व्याख्यान झोडलं. देवाधर्माच्या वाटेला तो कधी गेला नाही. ते टोले ऐकताना मात्र त्याचे हात आपोआप जुळत. आता फीत विरून गेली होती, आणि कायमचे डोळे मिटण्याआधी त्याला ते एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं.

कोपऱ्यात वाती वळणाऱ्या इंदूचे हात थांबले.

"ती आईंची घंटी होती," ती नवऱ्याला म्हणाली. "दिवेलागणीच्या आरतीची."

"आईले मी बजावलं होतं, आवाज नको म्हणून!"

"हव, बजावलं होतं. बिचाऱ्या बसल्याच होत्या आतल्या खोलीत गुपचूप, निरांजन घेऊन. मंग तुमचा बाजा एकदम हळू झाला, तशी त्यांनी हळूच घंटी वाजवली. मले म्हणाल्या, 'पाह्य इंदू, माझ्या आरतीसाठी नरूनं बाजा हळू केला.' साऱ्या पाऱ्यात, घरोघरी सांगत फिरल्या."

नरहर तिच्याकडे वळला.

"अन् तू मले इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही लगेच जाऊन त्यांची चूक दुरुस्त केली असती."

तो तसाच होता. आईला तर त्यानं आयुष्यभर दुरुस्तच केलं. त्याला लाज वाटली.

देवश्रीनं दहावं ध्वनिमुद्रण लावायला फोन उचलला. त्यानं हातानंच तिला थांबवलं आणि खुर्ची इंदूजवळ ओढली.

"कोणाकोणाले सांगितलं तिनं?" त्यानं विचारलं. "अन् काय काय म्हणाली?"