भुंगा आणि दोर

शरदातली कोवळी, केशरकांती सकाळ. अजिंक्यतारा धुक्याची शाल झटकतोय, तालमीच्या कौलांतून ऊन परागा-परागानं गळतंय, आणि मधोमध, बघा, तुळईवरून लोंबतोय मल्लखांबाचा दोर! शुभ्र, कापसाचा, निजल्या नागासारखा निश्चल.

वैजूला ती निश्चलताच खुपतेय. नाग निजलाय, की निजल्याचं सोंग घेतोय?

चैत्रात ह्याच दोरानं तिला आभाळातून खाली टाकलं होतं. वरची गाठ सुटली, खांद्याचं हाड मोडलं, स्पर्धेतली तिची जागा कुंदाला गेली. आणि गाठ बांधली होती कुणी? कुंदानंच! एका डब्यात जेवणाऱ्या, जिवाभावाच्या कुंदानं. तेव्हापासून एक संशय, काळा, कुळकुळीत, भुंग्यासारखा, वैजूच्या कपाळात घर करून बसलाय. गूं... तिनंच सोडली. गूं... मुद्दाम सोडली.

आजही गाठ कुंदाचीच. तालमीची रीत अशी, की जिनं गाठ बांधली तिनं आधी स्वतः लोंबकळून दाखवायचं. कुंदा लोंबकळली.

"झोका घे," वैजू म्हणाली. घेतला.

"उलटी हो." झाली. वेणी मातीला झाडू मारतेय, तोंड लालबुंद.

"अजून एकदा."

"अगं बये, आता इथंच संसार मांडू काय?" उलटी कुंदा ओरडली.

पोरी खदखदून हसल्या. भुंगा नाही हसला. गूं... वर जाऊन गाठ सैल करून आली नसेल कशावरून?

शाळेतल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या होत्या, "भुंग्याला मारू नकोस, त्याच्या मागेही जाऊ नकोस. नुसतं म्हण, माझं मन असं म्हणतंय. मग स्वतःला विचार, मला काय हवंय?" वैजूनं तेव्हा नाक मुरडलं होतं. संशयाला काय पाट मांडून चहा पाजायचा? आणि ह्या मॅडम कुंदाच्याच बाजूच्या नसतील कशावरून?

पण कुंदा संध्याकाळपर्यंत लोंबकळली असती तरी खात्री येणार नव्हती. खात्री मृगजळच, पुढं जावं तशी पुढं सरकणारी. हे कळलं वैजूच्या तळहातांना. घामेजलेले, आणि तरी दोराकडे ओढ घेणारे ते वेडे तळहात!

"म्हणतंय बाई माझं मन, कुंदानं सोडली," ती पुटपुटली. "म्हणू दे. मला चढायचंय."

भीती तिथंच. भुंगा तिथंच.

"कुंदे, उतर."

कुंदा उतरली. मान खाली घालून म्हणाली, "खालचं टोक धरू? का नको?"

गूं... गूं...

"धर."

दोराला नमस्कार. अंगठ्याच्या बेचक्यात दोर, मांडीला वेढा, आणि वर, वर, कौलांतल्या केशरापर्यंत वर.

मग तिनं हात सोडले.

खाली कुंदाच्या घट्ट मुठीत दोराचं टोक, वर न दिसणारी गाठ, कपाळात गुणगुणता भुंगा. आणि मधल्या सोनेरी अधांतरी वैजू, कमळकळीसारखी, थरथरत, थरथरत, उमलत.